गटार कोणाचं? नगर परिषदेच्या हातात काय असतं आणि काय नसतं

माझं झेरॉक्सचं दुकान आमच्या शहराच्या नगर परिषदेसमोर आहे. सिंधुदुर्गातलं छोटं शहर, एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला बागा. सोळा वर्षं मी इथे लोकांचे अर्ज, घरपट्टीच्या नोटिसा, जन्माचे दाखले, घराचे नकाशे काचेवर ठेवत आले आहे. कागद हातातून जाताना डोळ्यांखालूनही जातोच, आणि मग लोक विचारतातही, "वैनी, ह्या खंय देवचा?"

गेल्या जूनमध्ये एक काका आले. वय सत्तरीच्या पुढे, छत्रीतून पाणी गळतंय, प्लास्टिकच्या पिशवीत पाच-सहा अर्जांच्या प्रती. त्यांच्या घरामागचं गटार पहिल्या पावसात तुंबतं आणि पाणी स्वयंपाकघरात येतं. एका कार्यालयानं सांगितलं, रस्ता आमचा नाही. दुसऱ्यानं सांगितलं, रस्ता आमचा आहे, पण गटाराचं त्यांना विचारा. तिसऱ्या ठिकाणी पत्र मिळालं, त्या पत्रात "योग्य ती कार्यवाही" असे शब्द होते. काका माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "गे वैनी, माका एकच सांग, ह्या गटार कोणाचा? इतकी वर्सा घरपट्टी भरतंय मी."

त्या वेळी मला उत्तर देता आलं नाही. मग मी विचारत गेले, कायदा वाचला, जाणत्यांकडून समजून घेतलं. आता आमच्याकडे निवडणूक झाली आहे. २ डिसेंबर २०२५ ला राज्यातल्या बहुतेक नगर परिषदा आणि नगर पंचायतींसाठी मतदान झालं, २१ डिसेंबरला मतमोजणी झाली, चार वर्षांनी नगरसेवक आले. माझ्या दुकानात अर्जांची गर्दी आहे. त्यातले निम्मे अर्ज चुकीच्या दारात जाणारे आहेत, हे मला काचेवर ठेवतानाच दिसतं. म्हणून हे लिहिते आहे.

एका सातबाऱ्यावर चाळीस नावं

कोकणातल्या माणसाला हे समजायला वेळ लागू नये. आपल्याकडे मूळ घर असतं, सातबाऱ्यावर चाळीस नावं असतात. पणजोबांच्या नावापासून मुंबईत, पुण्यात गेलेल्या नातवंडांपर्यंत. घरावर हक्क सगळ्यांचा, पण पावसाआधी छप्पर शाकारायला कोणी पुढे येत नाही. ज्याला विचारावं तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो, आणि प्रत्येकाचं थोडं थोडं खरंही असतं.

शहर तसंच आहे. माझ्या दुकानाच्या पायरीवर उभं राहिलं तर समोर दिसणाऱ्या गोष्टींचे मालक असे: विजेचा खांब महावितरणचा, त्यावरचा रस्त्याचा दिवा नगर परिषदेचा. मुख्य रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा, त्याला मिळणारी गल्ली नगर परिषदेची. एसटी स्टँड महामंडळाचं. सरकारी रुग्णालय राज्याच्या आरोग्य विभागाचं. खाडीवरच्या जेटीचा कारभार मेरिटाईम बोर्ड पाहतं. मच्छी मार्केटची इमारत नगर परिषदेची. महामार्ग शहरातून जात असेल तर तो केंद्राच्या यंत्रणेचा, आणि त्याच्या कडेच्या गटाराचं पाणी आपल्या गल्लीत सोडलं की त्या पाण्याला कोणीच मालक नसतो.

ही वाटणी ज्याला माहीत नाही, त्याला दोन वर्षं फिरवता येतं. नगरसेवकालाही फिरवता येतं, हे मी पाहिलं आहे.

मग नगर परिषदेचं स्वतःचं काय?

राज्यघटनेत ७४ वी दुरुस्ती झाली, ती १ जून १९९३ पासून लागू आहे. तिनं शहरांच्या कारभाराला घटनेत जागा दिली आणि बाराव्या अनुसूचीत १८ विषयांची यादी दिली. हे विषय शहराकडे सोपवता येतील असं घटना म्हणते. प्रत्यक्षात किती सोपवायचे ते राज्य ठरवतं. महाराष्ट्रात ते १९६५ च्या नगर परिषद अधिनियमानं ठरतं. गटारं, कचरा, पिण्याचं पाणी, रस्त्यावरचे दिवे, स्मशान, आग विझवणं, जन्म-मृत्यूची नोंद, बाजार, धोकादायक इमारती, ही कामं या कायद्यानं बंधनकारक आहेत. पैसे नाहीत म्हणून ती सोडता येत नाहीत. बाग, वाचनालय, नाट्यगृह ही ऐच्छिक कामं. आमच्याकडे प्रचारात बहुतेक भाषणं ऐच्छिक कामांवर झाली. सुशोभीकरण, सेल्फी पॉइंट, कमान. बंधनकारक यादीतलं गटार एखाद-दुसऱ्या उमेदवारानं काढलं असेल.

निर्णय घेते ती सर्वसाधारण सभा, म्हणजे सगळे निवडून आलेले नगरसेवक आणि त्यांच्या अध्यक्षस्थानी थेट लोकांनी निवडलेले नगराध्यक्ष. सभेपुढे विषय येतो, एक नगरसेवक तो मांडतो तो सूचक, दुसरा पाठिंबा देतो तो अनुमोदक, मग ठराव होतो. त्याखाली स्थायी समिती आणि बांधकाम, पाणीपुरवठा, आरोग्य-स्वच्छता अशा विषय समित्या. ठराव अंमलात आणतात मुख्याधिकारी. ते राज्य सरकारचे अधिकारी, त्यांची बदलीही सरकारच करतं. आणि सभेनं केलेल्या ठरावाला जिल्हाधिकारी स्थगिती देऊ शकतात.

लग्नघरात यजमान आणि आचारी असतात ना, तसं समजा. काय शिजवायचं ते यजमान ठरवतो, किती माणसं हेही तोच सांगतो. पण चुलीपुढे आचारी असतो, आणि इथे आचाऱ्याचा पगार आणि बदली तिसऱ्याच माणसाच्या हातात आहे. म्हणून नगरसेवकानं "उद्या करून देतो" म्हटलं तर समजावं, तो त्याच्या हातात नसलेली गोष्ट देतो आहे. "पुढच्या सभेत विषय घेतो" म्हणाला तर तो त्याच्या हातातली गोष्ट देतो आहे. दुसरं वाक्य ऐकायला सपक लागतं, पण माझा भरवसा त्यावर जास्त आहे.

चार वर्षं सूचकही तोच, अनुमोदकही तोच

आमच्याकडच्या नगर परिषदा २०१६ च्या अखेरीस निवडून आल्या होत्या. मुदत पाच वर्षांची. मुदत संपण्याआधी पुढची निवडणूक झाली पाहिजे असं घटनेचं कलम २४३-यू सांगतं. २०२१ संपलं तरी निवडणूक झाली नाही.

कारण मुख्यतः इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा प्रश्न. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की स्थानिक संस्थांत हे आरक्षण ठेवायचं तर तीन गोष्टी हव्यात: स्वतंत्र आयोगाचा अभ्यास, त्या अभ्यासावरून प्रत्येक संस्थेत ठरवलेलं प्रमाण, आणि सगळं आरक्षण मिळून ५० टक्क्यांची मर्यादा. याला तिहेरी चाचणी म्हणतात. राज्यानं बांठिया आयोग नेमला, त्याचा अहवाल जुलै २०२२ मध्ये आला. त्यानंतरही प्रभागांची रचना कोणती, सदस्यसंख्या किती यावर वाद आणि याचिका चालूच राहिल्या. शेवटी ६ मे २०२५ ला न्यायालयानं निवडणुका घ्या असा आदेश दिला, पुढे ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची तारीख घालून दिली, आणि मतदान झालं.

मधल्या चार वर्षांत कारभार प्रशासकाकडे होता. प्रशासक म्हणजे सरकारनं नेमलेला अधिकारी, ज्याच्याकडे सर्वसाधारण सभेचे, समित्यांचे, नगराध्यक्षांचे सगळे अधिकार एकत्र येतात. विषय मांडणारा तोच, पाठिंबा देणारा तोच, मंजूर करणाराही तोच. यजमानच घरात नाही आणि आचारीच पंगतीचा बेत ठरवतो आहे, अशी ती अवस्था.

मला या काळाबद्दल खरं दुःख वाटतं, आणि ते कुठल्या पक्षासाठी नाही. या चार वर्षांत लोकांची सवय मोडली. आधी गल्लीतली बाई नगरसेविकेच्या दारात जायची, भांडायची, दोन दिवसांनी कामगार यायचा. नगरसेवक नसल्यावर लोक आमदाराच्या कार्यालयात जायला लागले. गटारासाठी आमदार! आमदार विधानसभेत कायदे करण्यासाठी निवडलेला माणूस. तो पत्र देतो, पत्रामुळे एखादं काम होतंही, पण मग ज्याची ओळख त्याचं गटार अशी रीत पडते. आता नगरसेवक आलेत तरी लोक सवयीनं तिकडेच जाताहेत.

"पण प्रशासकाच्या काळात कामं पटकन होत होती"

हे मला रोज ऐकायला मिळतं, आणि यात तथ्य आहे. सभेत वाद नाही, कोरमची म्हणजे किमान हजेरीची अडचण नाही, फाईल लवकर सरकते. काही अधिकाऱ्यांनी फार चांगलं काम केलं आहे. शेजारचं वेंगुर्ला घ्या. ओला-सुका कचरा घरातच वेगळा करून घेणं, ओल्यापासून बायोगॅस, प्लास्टिक बारीक करून डांबरी रस्त्यात, आणि जिथे पूर्वी नाक धरून जावं लागायचं तो कचरा डेपो बघायला लांबून माणसं येऊ लागली. त्यात एका मुख्याधिकाऱ्याचा वाटा मोठा होता, हे सगळे मानतात.

पण ते काम २०१५ नंतरच्या वर्षांत उभं राहिलं, तेव्हा वेंगुर्ल्यात निवडून आलेली नगर परिषद होती. नगरसेवक घरोघरी गेले, बायकांना पटवलं. अधिकाऱ्याची बदली झाल्यावर शेजारीण शेजारणीला विचारते, "आज सुको ना, मगे ओलो कित्याक दिलंस?" तेव्हा ते काम टिकतं. फाईल पटकन सरकली याचा अर्थ मधे कोणी प्रश्न विचारला नाही एवढाच असू शकतो. माझ्या समोरच्या रस्त्यावर फुटपाथ एकदा पटकन झाला आणि दुकानांच्या पायऱ्यांपेक्षा उंच झाला. पावसाचं पाणी आता आत येतं. सभा असती तर एखाद्यानं उठून विचारलं असतं, हे पाणी जाणार कुठे?

पैसा कुठून येतो

एके काळी शहराच्या नाक्यावर जकात घेत, ती नगर परिषदेची स्वतःची मिळकत होती. ती बंद झाली, त्या बदल्यात राज्य सरकार सहायक अनुदान देतं, आणि त्यातला मोठा भाग कर्मचाऱ्यांच्या पगारात जातो. स्वतःचं म्हणावं असं उत्पन्न राहिलं ते घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, बाजार फी आणि बांधकाम परवानगीचं शुल्क.

मोठी कामं होतात ती बाहेरच्या निधीतून. केंद्राच्या वित्त आयोगाचा निधी, राज्याच्या नगरोत्थान योजनेचा, जिल्हा नियोजन समितीचा पैसा. यातला बराच पैसा पाकिटावर नाव लिहून येतो. पंधराव्या वित्त आयोगानं आमच्यासारख्या शहरांसाठी ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून टाकली. मुंबईहून मुलानं पैसे पाठवले आणि सांगितलं की हे विहिरीच्या पंपासाठीच, तर ते चतुर्थीच्या बाजाराला वापरता येत नाहीत. तसंच हे. म्हणून "रंगमंदिराला पैसे आहेत आणि आमच्या पाइपला नाहीत" हा राग बरोबर असला तरी दर वेळी तो नगर परिषदेवर काढून उपयोग नाही. दोन पाकिटं वेगळ्या ठिकाणांहून आलेली असतात. विचारायचं ते हे: पाकीट मागताना तुम्ही आधी कोणतं मागितलंत? त्याचा ठराव तुमच्याच सभेत झाला आहे.

घरपट्टीची नोटीस आली की घाबरायचं का?

दर चार वर्षांनी घरपट्टीची फेरआकारणी होते. नोटीस येते आणि माझ्या दुकानात रडकुंडीला आलेली माणसं येतात. हिशेब अवघड नाही. घर भाड्यानं दिलं तर वर्षाला किती भाडं येईल, याचा अंदाज धरतात. त्यातून दुरुस्तीसाठी १० टक्के वजा करतात. उरतं ते करयोग्य मूल्य, आणि त्यावर ठरलेल्या टक्क्यांनी कर. समजा महिन्याला १,००० रुपये भाडं धरलं, वर्षाचे १२,०००, वजा १,२००, उरले १०,८००. दर २५ टक्के धरला तर कर २,७०० रुपये. हे आकडे समजण्यापुरते, तुमच्या शहराचा दर तुमच्या बिलावर असतो.

बिलात शिक्षण कराची ओळ असते, दुकान असेल तर रोजगार हमीचीही. हे पैसे नगर परिषद फक्त गोळा करते, ते राज्याचे आहेत. थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती लागते, वर्षाला २४. बँकेचं कर्जही इतकं महाग नसतं, म्हणून रागानं बिल फाडून टाकू नका.

नोटिशीत हरकतीची तारीख असते, आणि लोक तीच वाचत नाहीत. घराचं क्षेत्रफळ चुकलं आहे, मातीच्या भिंतीचं घर पक्कं धरलं आहे, मागचा पडका गोठा राहती खोली म्हणून लागला आहे, अशा चुका मी नेहमी पाहते. त्या तारखेच्या आत अर्ज दिला तर सुनावणी होते आणि चूक सुधारते. तारीख गेल्यावर नगरसेवकाच्या घरी जाऊन काही होत नाही. आणि मग दोघंही एकमेकांवर चिडतात.

कर वाढूच नये असं मात्र मी म्हणणार नाही. ज्या शहराचं स्वतःचं उत्पन्न नाही ते दर वेळी हात पसरतं, आणि देणारा सांगेल ते बांधतं. आमच्या कमानी तशाच आल्या.

नकाशावरचा हिरवा तुकडा

माझ्या मते शहरातला सगळ्यात मोठा निर्णय हा आहे, आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी होते.

विकास आराखडा म्हणजे पुढच्या साधारण वीस वर्षांसाठी काढलेला शहराचा नकाशा. कुठे घरं, कुठे बाजार, कोणता रस्ता किती रुंद, आणि कोणत्या जमिनी शाळा, मैदान, बाग, पार्किंगसाठी राखून ठेवायच्या. राखून ठेवण्याला आरक्षण म्हणतात. १९६६ च्या प्रादेशिक आणि नगररचना कायद्याप्रमाणे हे चालतं. प्रारूप, म्हणजे कच्चा आराखडा, प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचना देण्यासाठी ३० दिवस मिळतात. नियोजन समिती सुनावणी घेते. शेवटची मंजुरी सरकारची.

आता यातली गोम समजून घ्या. एखाद्याच्या आमराईवर मैदानाचं आरक्षण पडलं. जमीन अजून त्याचीच आहे, पण त्याला तिथे घर बांधता येत नाही. नगर परिषदेनं ती विकत घ्यायची असते. तिच्याकडे पैसे नसतात. दहा वर्षं जातात. मग कायद्याचं कलम १२७ मालकाला अधिकार देतं: तो नोटीस देऊ शकतो की जमीन घ्या. नोटिशीपासून २४ महिन्यांत नगर परिषदेनं संपादनाचं पाऊल उचललं नाही तर आरक्षण संपतं. मैदान गेलं. पुढच्या पावसाळ्याआधी तिथे इमारतीचा पाया दिसतो.

मालकाचं यात चुकलेलं नाही. बारा वर्षं तो स्वतःच्या जमिनीत बांधू शकला नाही, त्याच्या मुलीचं लग्न अडलं, त्याला कोणी एक रुपया दिला नाही. चूक तिथे होते, जिथे नोटीस आल्यावर दोन वर्षं कागद टेबलावर पडून राहतो आणि शहरातल्या कोणाला तो आल्याचं कळतही नाही. चारशे मुलांची शाळा ज्या मैदानाकडे आशेनं बघते आहे, त्या शाळेला हे कळायला नको का? नवीन नगरसेवकांकडे माझी एकच मागणी असेल तर ती ही: आपल्या शहरातली आरक्षणं किती, त्यातली किती ताब्यात आली, कोणाची दहा वर्षं भरली, कोणाच्या नोटिसा आल्या, याचा तक्ता नगर परिषदेच्या फलकावर लावा. कागद एक पानाचा आहे. मी फुकट झेरॉक्स काढून देईन.

आणि आपल्याकडची मागणी आपल्यालाच. ३० दिवसांच्या मुदतीत हरकत घेणारे बहुतेक ज्यांच्या जमिनीवर आरक्षण पडलं ते असतात, आणि ते म्हणतात काढा. "ठेवा" असं सांगायला कोणी जात नाही. समितीपुढच्या कागदांत मग शहराचं मत एकाच बाजूचं दिसतं.

नदीची रेषा, समुद्राची रेषा

२२ जुलै २०२१ चं चिपळूण कोणी विसरलेलं नाही. वाशिष्ठी आणि शिवनदीचं पाणी बाजारपेठेत पहिल्या मजल्याला लागलं. माझी मावसबहीण तिथली, तिच्या घरातल्या भिंतीवर ती खूण अजून आहे. त्यानंतर पूररेषांचा वाद झाला. तो नीट समजून घेतला तर अर्धी भांडणं कमी होतील.

निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांत एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती हद्द. लाल रेषा १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा हे प्रतिबंधित क्षेत्र. निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र, तिथे अटी घालून बांधता येतं. २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे तिथे जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर, म्हणजे सुमारे दीड फूट वर हवं.

"२५ वर्षांत एकदा" याचा अर्थ लोक चुकीचा घेतात. एकदा येऊन गेला, आता २५ वर्षं निवांत, असा तो नाही. एका पिशवीत २५ सुपाऱ्या घ्या, एक रंगवा. दरवर्षी हात घालून एक काढायची आणि परत टाकायची. रंगवलेली सुपारी लागोपाठ दोन वर्षंही हातात येऊ शकते. तीस वर्षांचं घरकर्ज काढलंत तर त्या काळात ती एकदा तरी हातात येण्याची शक्यता सुमारे ७० टक्के आहे.

या रेषा आखते जलसंपदा विभाग. नगर परिषद आखत नाही, ती फक्त बांधकाम परवानगी देताना पाळते. चिपळूणच्या लोकांचं म्हणणं होतं की अर्ध्याहून जास्त वसलेलं शहर रेषेच्या आत गेलं, मग आम्ही जगायचं कसं? नदीत वर्षानुवर्षं गाळ साचला, तो आधी काढा, मग रेषा मोजा. दोन्ही प्रश्न रास्त होते. लोक उपोषणाला बसले, आणि २०२२ मध्ये गाळ काढायला सुरुवात झाली. कोयनेची वीज तयार होऊन सुटलेलं पाणीही वाशिष्ठीतच येतं, आणि ते केव्हा किती सोडायचं हे चिपळूणची नगर परिषद ठरवत नाही. मला त्या आंदोलनाचं विशेष वाटतं ते हे की त्यांनी दार ओळखलं. नदीसाठी ते नगराध्यक्षांच्या दारात बसून राहिले नाहीत, जलसंपदाकडे गेले.

आमच्यासारख्या किनाऱ्यावरच्या शहरात दुसरी रेषा आहे, सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्र. भरतीच्या रेषेपासून मोजतात, खाडीलाही लागते. नियम केंद्राचे, परवानगीचा मोठा भाग राज्याच्या सागरी किनारा व्यवस्थापन प्राधिकरणाकडे. दाट वस्तीच्या शहरी भागात साधारण नियम असा की जुन्या रस्त्याच्या किंवा जुन्या अधिकृत बांधकामाच्या जमिनीकडच्या बाजूला बांधता येतं, समुद्राकडच्या बाजूला नाही. "नगरसेवक परवानगी मिळवून देतो" असं कोणी म्हणालं तर सावध व्हा. ती त्याच्याकडे नाहीच.

"मी एकटा जाऊन काय होणार?"

आमच्या गावच्या देवळात जत्रेनंतर जमाखर्च वाचतात. मंडपाला इतके, तेलाला इतके, दशावताराला इतके. पन्नास रुपये जास्त लागले तर शेवटच्या रांगेतला म्हातारा उठून विचारतो, आणि त्याला उत्तर द्यावं लागतं. गावात ग्रामसभाही आहे. तीच माणसं शहरात राहायला येतात आणि कोट्यवधींच्या अर्थसंकल्पाकडे बघतही नाहीत.

शहरात ग्रामसभेसारखी रुळलेली पद्धत नाही, हे खरं. पण सर्वसाधारण सभा लोकांना ऐकायला खुली असते, खास कारणानं बंद ठेवली तर गोष्ट वेगळी. बोलता येत नाही, बसता येतं. गॅलरीत वीस माणसं बसली असली की खाली बोलणाऱ्याचा सूर बदलतो, हे मी स्वतः अनुभवलं आहे. अर्थसंकल्पाची सभा फेब्रुवारीच्या सुमारास असते. त्याआधी, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, आपल्या गल्लीचं काम लेखी द्यावं. मे महिन्यात दिलेला अर्ज पुढच्या वर्षाचा असतो, कितीही तळमळीनं लिहिलेला असला तरी.

आणि काकांच्या गटाराचं. त्यांना आम्ही शेवटी माहितीच्या अधिकाराचा अर्ज करून दिला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच प्रश्न: अमुक घरापासून अमुक मोरीपर्यंतचा रस्ता आणि त्याचं गटार कोणाच्या ताब्यात आहे, त्या नोंदीची प्रत द्यावी. या कायद्यात एक फार उपयोगी तरतूद आहे. माहिती दुसऱ्या कार्यालयाची असेल तर ज्यानं अर्ज घेतला त्यानंच तो पाच दिवसांत तिकडे पाठवायचा असतो. "तिकडे जा" असं नागरिकाला सांगता येत नाही.

दीड महिन्यानं उत्तर आलं. वरचा साठ मीटरचा भाग मुख्य रस्त्याबरोबर बांधकाम विभागाकडे, खालचा मोरीपर्यंतचा भाग नगर परिषदेकडे. पाणी तुंबत होतं ते बरोबर दोन्ही भाग जुळतात तिथे, कारण वरचं गटार रुंद आणि खालचं अरुंद होतं. काकांनी त्या उत्तराच्या तीन प्रती काढल्या. एक बांधकाम विभागाला, एक नव्या नगरसेविकेला, एक स्वतःच्या पिशवीत. नगरसेविकेनं खालचा भाग रुंद करण्याचा विषय अर्थसंकल्पाच्या सभेसाठी दिला आहे. ती सभा असेल त्या दिवशी दुपारी दुकान बंद ठेवून मी आणि काका गॅलरीत बसणार आहोत.